गव्हांची साक्ष

समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, तेव्हा आपल्या तोंडाने आपलीच स्तुती करणाऱ्याला त्यांनी अगदी वरच्या रांगेत बसवलं. निफाडजवळच्या आमच्या घरी आजोबा दिवेलागणीला तो समास मोठ्याने म्हणत. त्यांचा आवाज ओसरीवरून गोठ्यापर्यंत जाई, कडबा चघळणाऱ्या बैलांच्या माना त्या लयीत हलत, आणि आम्हां पोरांना वाटे की ही सगळी लक्षणं शेजारच्या घरातल्या कुणाची तरी आहेत. त्या आवाजात वाढलेल्या मुलीने पुढे मिनेसोटात, बाहेर मिसिसिपी गोठत असताना, स्वतःच्या थोरवीचे कागद गोळा करत बसावं, एकेका कागदाला एक्झिबिट म्हणून क्रमांक द्यावा, जिथे आपलं नाव छापलंय तिथे पिवळी रेघ ओढावी, आणि ती सगळी चळत एका अनोळखी सरकारी माणसापुढे सरकवून म्हणावं, बघा, मी सामान्य नाही.

आजोबा काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे.

अमेरिकेच्या कायद्यातही लक्षणांचा एक समास आहे. 1990 च्या कायद्याने असाधारण कर्तृत्वाच्या माणसांसाठी ग्रीन कार्डाची एक वेगळी वाट काढली. लोक तिला ईबी-वन-ए म्हणतात, आणि गप्पांच्या ओघात आइनस्टाइन व्हिसासुद्धा. आपापल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोचलेल्या मूठभरांपैकी तुम्ही एक असायला हवं, आणि तो लौकिक चार दिवसांचा नको, टिकलेला हवा. नोबेलसारखं काही पदरी असेल तर बाकीचं विचारत नाहीत. नसेल, तर दहा लक्षणांपैकी निदान तीन दाखवा: लहान पारितोषिकं, वेचक माणसांनाच घेणाऱ्या संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याविषयी इतरांनी लिहिलेलं, इतरांच्या कामाचं तुम्ही केलेलं परीक्षण, क्षेत्राला वळण देणारं मूळ काम, विद्वत्तापूर्ण लेख, प्रदर्शनात मांडलेली कला, नामवंत संस्थेतली मोक्याची जबाबदारी, भरघोस पगार, आणि सर्वांत शेवटी, प्रयोगकलांसाठी, तिकीटबारीवरचा गल्ला. बालगंधर्वांना हे दहावं लक्षण सहज लागू पडलं असतं. फक्त हिशेबाच्या वह्या मागितल्या असत्या तर पंचाईत होती.

या वाटेवर मालक लागत नाही, कंपनीची चिठ्ठी लागत नाही. आय-140 चा अर्ज आपणच आपल्यासाठी करायचा. आपला वकील कुणी असला, तरी आपला भाट आपणच.

वकीलबाईंनी लिहिलेल्या मुख्य पत्रात मी 'ती' होते. तिने हे शोधलं, तिने ते सिद्ध केलं, तिच्यावाचून हे क्षेत्र आज जिथे आहे तिथे नसतं. रात्री घरातलं आवरून झालं की मी ते वाचत बसे आणि त्या बाईविषयी मला कुतूहल वाटू लागे. ती थकत नसावी. तिची रोपं ऐन परीक्षेच्या आठवड्यात माना टाकत नसावीत, तिला संगणकावर निष्कर्ष उमटताना मध्येच आईच्या हातच्या पिठल्याची आठवण येऊन उठावं लागत नसावं, बर्फात अडकलेल्या बसमध्ये पाय बधिर होईपर्यंत उभं राहताना हे सगळं कशासाठी, असं तिने स्वतःला कधी विचारलं नसावं. तिच्या आयुष्यात नुसती फळं होती, एकामागून एक, पिकलेली.

मधली दुपार कुठेच नव्हती.

माझं क्षेत्र म्हणजे तांबेरा. हे सांगितलं की शहरातली माणसं पुढचं काही विचारत नाहीत आणि शेतकरी एकदम गप्प होतो. गव्हाच्या खोडावर, पानावर विटकरी रंगाच्या पुळ्या फुटतात. त्यांतून भुकटी सांडते, आणि पिकातून चालत गेलं तर पायजमा गुडघ्यापर्यंत गेरूत बुडवल्यासारखा होतो. आमच्याकडे त्याला गेरवाही म्हणतात. निफाडची थंडी महाराष्ट्रात नावाजलेली. पारा किती उतरला ते पेपरात येतं आणि निफाडकरांना त्याचा उगाच अभिमान वाटतो. ती थंडी गव्हाला मानवते. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी अशी सुरेख नावं असलेले गहू निफाडच्याच संशोधन केंद्रातून निघाले. माझे वडील, नाना, मात्र बरीच वर्षं लोकवनच पेरत राहिले, चपातीला गोड म्हणून, आणि लोकवनला गेरव्याचं भारी भय. पहाटेचं धुकं ओंब्यांवरून उठत असायचं, दव पायांना चावत असायचं, आणि नाना बांधाबांधाने चालत एकेक पान उलटून बघत असायचे, तोंडातून एक शब्दही न काढता. त्या चालण्यावरूनच घरात सगळ्यांना कळायचं, यंदाचं वर्ष कसं आहे.

हे भय फार जुनं आहे. रोमन लोकांनी तर तांबेऱ्याला देवच करून टाकलं होतं. रोबिगस त्याचं नाव. 25 एप्रिलला त्याचा सण असे आणि त्या दिवशी तांबड्या कुत्र्याचा बळी दिला जाई, रंगाला रंग देऊन देवाला परत पाठवावं म्हणून. आपल्याकडे आग्ऱ्याच्या के. सी. मेहतांनी आयुष्य घालवून दाखवून दिलं की मैदानी प्रदेशाच्या उन्हाळ्यात तांबेरा जगतच नाही. तो डोंगरावर जातो, दक्षिणेत नीलगिरीच्या गारव्यात तग धरतो, आणि हिवाळा लागला की वाऱ्यावर बसून पुन्हा खाली येतो. पुढे हेही लक्षात आलं की नोव्हेंबरच्या सुमाराला बंगालच्या उपसागरात उठणारी वादळं त्याला उचलून मध्य भारतापर्यंत आणून सोडतात. कुठलं नीलगिरीचं रान आणि कुठलं नर्मदेकाठचं शेत. मधल्या हजारो शेतांना पत्ता नाही की आपल्या डोक्यावरून काय चाललंय.

सेंट पॉलला, जिथे मी काम करते, तिथे परदेशातून आलेला घातक तांबेरा फक्त ऐन हिवाळ्यात उघडतात. डिसेंबर ते फेब्रुवारी. कडेकोट बंदोबस्तातूनही एखादा बीजाणू निसटलाच, तर बाहेरचा बर्फ त्याला संपवेल म्हणून. तिथे पोचायलाही त्याला शेतीखात्याचं परमिट लागतं. युगांडात 1998 मध्ये सापडलेल्या आणि जगभर युजी-99 या नावाने गाजलेल्या तांबेऱ्याचे कागद माझ्या कितीतरी आधी तयार झाले होते. त्याला कुणी विचारलं नाही की तू असाधारण आहेस का. त्याचं असाधारणपण सगळ्यांनी आपणहून मान्य केलं होतं, कारण ज्या एका जनुकाच्या भरवशावर जगातला कितीतरी गहू निर्धास्त उभा होता, ते त्याने भेदलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

तांबेऱ्याची जात त्याच्याकडे बघून ओळखता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे बीजाणू सारखेच दिसतात, लांबट, काटेरी, विटकरी. म्हणून आम्ही उलटीकडून जातो. प्रतिकाराचं एकेक वेगळं जनुक असलेले वीस गहू शेजारी शेजारी पेरायचे, त्यांच्या कोवळ्या पानांवर तो अनोळखी तांबेरा फवारायचा, एक रात्र त्यांना काळोखात, दवात ठेवायचं, मग उजेडात आणायचं आणि थांबायचं. दोनेक आठवड्यांनी प्रत्येक पान आपलं म्हणणं मांडतं. एखाद्यावर नुसता फिका ठिपका, जणू पाहुणा दारावरून परत गेला. एखाद्यावर बारीक पुळी आणि भोवती सुकलेलं कडं. एखादं मात्र सगळं अंग उघडून बसलेलं, भुकटीने माखलेलं. शून्यापासून चारपर्यंत गुण द्यायचे. ही पद्धत याच गावात स्टॅकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिली. बोरलॉग इथेच त्यांच्या हाताखाली शिकले. वीस गव्हांच्या वीस उत्तरांतून पाच अक्षरांचं एक नाव तयार होतं. युजी-99 चं नाव टीटीकेएसके. ही अक्षरं म्हणजे त्याच्या अंगावरची खूण नव्हे. इतरांच्या अंगावर त्याने काय उमटवलं, त्याची ती नोंद आहे.

तो स्वतः काहीच सांगत नाही. गहू सांगतात.

वकीलबाईंनी माझी तीन लक्षणं निवडली होती: लेख, परीक्षण आणि मूळ काम. पहिल्या दोहोंना कागद पुरतात. तिसरं अवघड. तुमच्या कामाने क्षेत्रात खरोखर काही बदललं, हे दाखवायला दुसऱ्यांची पत्रं लागतात. त्यातही मार्गदर्शकाचं पत्र, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याचं पत्र तेवढं तोलाचं मानत नाहीत. वजन पडतं ते ज्याने तुम्हांला कधी पाहिलेलं नाही, ज्याचं तुमच्याशी काही देणंघेणं नाही, फक्त तुमचं काम त्याच्या हाती आलं आणि त्याने ते वापरलं, अशा माणसाच्या शब्दाला. जितका परका, तितका खरा.

हे ऐकून आधी मला राग आला. ज्यांनी मला घडताना पाहिलं, त्यांचं पाहणं मोजायचंच नाही? फोनवर नानांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग मी देतो की लिहून," ते म्हणाले. "सरपंचाचा शिक्का आणतो वर."

"नाना, घरच्यांचं नाही चालत."

"बापाचं नाही चालत?"

"नाही."

थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला, ते मळ्यात उभे असावेत. मग म्हणाले, "बरंय. आपणच आपली पोर भारी म्हणायचं, ते बी बरं दिसत नाही."

आजोबांचा समास बोलला होता.

नानांनी काय लिहिलं असतं, याचा मी पुढे पुष्कळदा विचार केला. त्यांनी लिहिलं असतं की तिसरीत असताना पूर्वेकडच्या बांधावर उभी राहून ही म्हणाली, नाना, इथला गहू लाजलाय, आणि आम्ही वाकून बघितलं तर खालच्या पानांवर तांबूस ठिपके नुकते उठत होते, आमच्या आधी तिने पाहिलं. त्यांनी लिहिलं असतं की हिला सकाळी उठवावं लागत नाही. कदाचित हेही लिहिलं असतं की सासरी गेल्यावरही फोन केला की आधी पिकाचं विचारते, मग आमच्या तब्येतीचं. आता उलटून बघितलं तर माझ्या सगळ्या कामाचा उगम त्या बांधावरच्या एका सकाळी आहे. पण त्या सकाळीला क्रमांक नाही. ती कुठल्याच लक्षणात बसत नाही, आणि बसू नये असंच आता मला वाटतं. काही गोष्टी सरकारदरबारी गेल्या नाहीत, हे त्यांचं भाग्य.

मग न्जोरोहून पत्र आलं. केनियातलं हे गाव दोन हजार मीटरांहून उंचावर आहे. जगभरचे गहू तिथे आणून मुद्दाम खोडावरच्या तांबेऱ्यापुढे उभे करतात, कोण टिकतं ते बघायला. तिथे काम करणाऱ्या एका बाईंना मी विचारलं होतं, संकोचत, की माझी पद्धत तुम्ही वापरली असं तुमच्या लेखात दिसलं, तर चार ओळी द्याल का. त्यांच्या पत्राचं पहिलंच वाक्य होतं की या बाईंना मी कधी भेटलेले नाही. पुढे एकही विशेषण नव्हतं. वकीलबाई त्यामुळे जरा खट्टू झाल्या. पण त्यात एक वाफा होता, त्या वाफ्यात नको त्या गव्हावर अचानक उठलेला तांबेरा होता, ही नवी जात की जुनीच, हे एरवी फार उशिरा कळलं असतं ते त्याच हंगामात कसं कळलं, आणि त्यामुळे पुढच्या पेरणीला कोणता गहू बाजूला काढला, ते सगळं त्यांनी जमिनीवर उभं राहून लिहावं तसं लिहिलं होतं.

मी ते पत्र वाचलं आणि बराच वेळ उठले नाही. ज्या हिवाळी रात्री मी ती पद्धत लिहून काढली, ती रात्र मला आठवली. खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी चढत होती, इमारतीत बहुतेक मी एकटीच होते, आणि आपण लिहितोय ते कुणी वाचेल असं त्या घटकेला मुळीच वाटत नव्हतं. ते कागद वाऱ्यावर गेले. मधल्या किती शेतांवरून गेले असतील कोण जाणे. आणि विषुववृत्ताजवळच्या एका डोंगरी गावात, कुठल्यातरी सकाळी, एका बाईच्या हातात उतरले. मला तिथे कुणी बोलावलं नव्हतं, माझी ओळख कुणी करून दिली नव्हती. तिथे माझं नाव, गाव, रंग, बोलण्यातला हेल यांतलं काहीच पोचलं नव्हतं. पोचलं होतं ते तेवढंच, जे मी करू शकत होते.

कायद्याला हेच हवं होतं. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. तो गव्हांना विचारत होता.

आपल्याकडे या वाटेची जुनी गोष्ट आहे, व्हिसा आणि फॉर्म यांच्या आधीची. गोपाळराव जोश्यांनी बायकोच्या, आनंदीबाईंच्या, शिक्षणासाठी अमेरिकी मिशनऱ्यांना लिहिलेलं पत्र तिकडच्या एका मासिकात छापलं गेलं. मिशनऱ्यांनी मदतीला धर्मांतराची अट घातली. पण न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे खोळंबून बसल्या होत्या, त्यांच्या हाती ते मासिक आलं, आणि त्यांनी कोल्हापूरच्या एका न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिलं. 1883 साली आनंदीबाई न्यू यॉर्कच्या धक्क्याला उतरल्या तेव्हा घ्यायला त्याच आल्या होत्या. पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला आनंदीबाईंनी जो अर्ज केला, त्यात आपल्या हुशारीवर त्यांनी भर दिला नाही. आपल्या देशातल्या बायकांचं दुखणं लिहिलं. असाधारण कोण होतं त्या गोष्टीत, हे मला ठरवता येत नाही. 1886 ला डॉक्टर झालेल्या, विशीत असलेल्या आनंदीबाई, की दातदुखीत दुसऱ्याचं दुखणं ओळखणारी ती बाई? आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागल्या. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या वारल्या तेव्हा त्यांची रक्षा समुद्रापार त्या मावशीकडे पाठवली गेली आणि पकिप्सीच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

माझ्या फाइलमधलं एक नाव मला अजून छळतं. कझारियन. येरेवानला शिकलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ. त्याचा असाधारणपणाचा अर्ज फेटाळला गेला आणि तो भांडत अपील न्यायालयापर्यंत गेला. किप थॉर्न यांचं शिफारसपत्र त्याच्या बाजूने होतं, ज्यांना पुढे 2017 मध्ये नोबेल मिळालं. 2010 च्या निकालात न्यायालय म्हणालं की खात्याने नियमात नसलेल्या अटी मनाने घातल्या. लेखांचं लक्षण त्याचं, परीक्षणाचंही त्याचं. पण दोनच झाली, तिसरं भरेना. तो हरला. मात्र त्या निकालातून तपासणीची जी रीत निघाली, आधी लक्षणं मोजा, मग सगळा पुरावा एकत्र ठेवून माणूस तोला, तीच आज प्रत्येक अर्जाला लावतात आणि तिला त्याच्याच नावाने ओळखतात. देशोदेशींचे असाधारण लोक त्याच्या नावाखालून वाकून आत जातात. तो स्वतः त्या निकालात उंबऱ्याबाहेरच राहिला.

या वाटेभोवती आता बाजारही भरला आहे. पैसे भरा, पुरस्कार घ्या. पैसे भरा, परीक्षक व्हा. मला त्या लोकांना हसवत नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डाची नेहमीची रांग इतकी लांब आहे की त्यात उभ्या राहिलेल्या आईबापांची मुलं एकविशी ओलांडून त्यांच्या अर्जातून गळून पडतात. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलंड असो की हिंदुस्थान. अशा रांगेत माणूस दुसरं दार शोधणारच. माझा अर्ज मंजूर झाला, आणि तरीही मी रांगेतच आहे, कारण असाधारण ठरलेल्या भारतीयांचीही आता एक रांग आहे. दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं बुलेटिन येतं, तारीख कधी पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे येते. नाना विचारतात, "तुला मोठी म्हणाले ना, मग आता काय राहिलं?" मी म्हणते, नंबर.

परवा इथिओपियातल्या एका तरुण संशोधकाचा मेल आला. त्यालाही हाच अर्ज करायचाय. त्याने मोकळं केलेलं एक कोष्टक मी वापरलं होतं, असं माझ्या लेखाच्या तळटीपेत त्याला दिसलं, तर चार ओळी द्याल का, संकोचत विचारलं होतं. सोबत त्याच्या वकिलांनी तयार करून दिलेला मसुदा होता, विशेषणांनी ठासून भरलेला. मी तो बाजूला सारला, नवं पान उघडलं, आणि पहिलं वाक्य लिहिलं की या गृहस्थांना मी कधी भेटलेले नाही. मग त्यांच्या कोष्टकामुळे माझा एक सबंध हिवाळा कसा वाचला, ते लिहायला घेतलं.